कॉलरवरची बोटं

बॅकग्राउंड बदलून द्या म्हणणाऱ्यांना वाटतं, माणूस उचलला, दुसरीकडे ठेवला, झालं. केस कोण सोडवणार? एकेका बटेची कड काढताना माझे डोळे जातात, आणि वर हेच विचारतात, अजून किती वेळ?

त्या दिवशी विचारत होत्या लल्ला सलूहा. महदियाच्या मासळीबाजारामागे माझा स्टुडिओ आहे. थोरल्या बाईला आम्ही लल्ला म्हणतो; या त्याच गल्लीतल्या. त्यांचा मुलगा वजदी इटलीत, पालेर्मोला असतो. कागदपत्रं अडकली म्हणून तो याही उन्हाळ्यात येणार नव्हता, पण साखरपुडा उद्यावर आला होता. आमच्या ट्युनिशियात हल्ली हे सर्रास चालतं. मुलगा समुद्रापलीकडे, फातिहा म्हणून नातं पक्कं करायला दोघांचे वडील, आणि दाराशी दोघांचा एकत्र फोटो. कधी एकत्र उभे न राहिलेल्यांना जोडायचं काम माझं.

नवरी मुलगी रीम माझ्या शेजारीच बसली होती. तिचा फोटो मी नुकताच काढला होता. ती सारखी पाय हलवत होती आणि स्टूल करकरत होतं. पोरी, पाय आवर, असं मी सांगितलं की आवरायची, की पुन्हा सुरू. लल्ला दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे मात्र बघत नव्हत्या. फोटोत जोडप्याच्या मागे त्यांना लाल मखमल आणि झुंबरांचा हॉल हवा होता. त्या हॉलचा मला वीट आलाय. निम्म्या महदियाची लग्नं मी त्यातच लावली आहेत.

वजदीनं पाठवलेला फोटो एका बाजूनं कापलेला होता. कड काढायला मी झूम केला, तर कॉलरच्या टोकाशी काहीतरी गुलाबी दिसलं. डाग असेल म्हणून आणखी मोठा केला. चार इवली बोटं होती. कडेवरचं मूल बापाला धरतं, तशी कॉलर घट्ट धरलेली.

मी घाईघाईनं फोटो लहान करायला गेले. स्टूल करकरायचं थांबलं होतं.

"मोठा करा," रीम म्हणाली.

लल्ला दारातूनच म्हणाल्या, कुणा मित्राचं पोर असेल, पुसून टाक, मागचं सगळं जाणारच आहे ना. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता, आणि आम्ही दोघींनी पोराचा शब्दही काढला नव्हता. अस्सा राग आला मला! माझ्या हातानं ही बाई पाप करवून घेत होती, आणि वर घाई करत होती.

"हॉल लावा," रीम मला म्हणाली. "बोटं राहू द्या."

"लोक बघतील गं," लल्ला म्हणाल्या.

"बघू देत. विचारलं तर उत्तर तुम्ही द्या."

लल्ला खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच.

"तीन वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "आई तिथलीच, त्याच्याच घरात असते. मलाच सून इथली हवी होती. पोरीला नाव माझं दिलंय त्यानं. पण तिचा फोटो कधी पाठवला नाही, मी कुणाला तरी दाखवीन म्हणून. ही बोटं तेवढी चुकून राहिली."

"आणि तीच पुसून घ्यायला आलात?"

लल्ला उठून माझ्या खुर्चीमागे आल्या आणि पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं. मग वाकून काचेवरून, त्या बोटांवरून, बोट फिरवलं. काचेला हात लावला की मी कुणालाही फाडून खाते. त्यांचा हात मात्र मी हटवला नाही.

रीमनं पर्स खांद्याला लावली.

"यांना बोटांचा मोठा फोटो काढून द्या," ती म्हणाली. "आणि जोडफोटोतून मला काढून टाका."