माझं वाक्य मीच पूर्ण करणार

रुग्णालयांसाठी चाकांची स्ट्रेचर बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या मालकीणबाई बोलताना अडखळायच्या. ‘ब’ आणि ‘प’ म्हणजे तर त्यांचे हाडवैरी. त्यामुळे नवरा गेल्यापासून बाहेर बोलायचं काम धाकट्या दिराकडे होतं.

कोणत्याही बाजूने, एका पायाने दाबता येणारा नवा ब्रेक बाईंनी दोन वर्षं खपून तयार केला. तो दाखवायला दोघं एका मोठ्या रुग्णालयात गेले. दिराने रंगीत स्लाइड दाखवल्या, दोन विनोद केले. मग कुणीतरी विचारलं, “उतारावर धरतो का?”

“धरणारच की!” दीर हसला. पुढे त्याला काही सांगता येईना. कोपऱ्यात बसलेल्या बाईंना उत्तर तोंडपाठ होतं, पण त्यांनी ते गिळलं. ऑर्डर हातची गेली.

“पुढच्या वेळी मी बोलणार,” परतताना त्या गाडीत म्हणाल्या.

“उगाच हसं करून घेऊ नका, वहिनी. डोकं तुमचं, तोंड माझं. बरं चाललंय की!”

“कुठे बरं चाललंय? रिकाम्या हाताने परत चाललोय.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्या कामगारांसमोर उभ्या राहू लागल्या. कागदावर लिहून आणलेलं वाचून दाखवायच्या. चौथ्या दिवशी म्हातारे वेल्डरकाका डबा बंद करत म्हणाले, “राग मानू नका, बाई. तुम्ही आमच्याकडे बघतच नाही. आणि अडलात की माफी मागता. ती कशाला? शब्द येतोय, येऊ द्या. आम्ही काय पळून चाललोय?”

बाईंनी त्याच दिवशी कागद फाडला.

महिन्याभराने दुसऱ्या रुग्णालयात त्यांनी स्ट्रेचरच नेलं, सोबत लाकडी उतार. खरेदी अधिकाऱ्यांना स्ट्रेचरवर झोपायला लावलं तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे हसले.

“हा ब... ब...”

“ब्रेक!” दीर झटकन उठला. “वहिनींना म्हणायचंय...”

“बसा, भाऊजी. माझं वाक्य मीच पूर्ण करणार.”

बाई घाई न करता थांबल्या, समोरच्यांकडे बघत राहिल्या. “ब्रेक,” त्या म्हणाल्या, स्ट्रेचर उतारावर घेतलं आणि तो पायाने दाबला. स्ट्रेचर तसूभरही हललं नाही.

“फरशी ओली असली तर?” मुख्य परिचारिकेने विचारलं.

“बेताच्या उतारावर धरतो. जास्त चढ असला तर चार बोटं सरकतो. त्यावर काम चालू आहे, अजून जमलेलं नाही.”

दिराने कपाळावर हात मारला. परिचारिका मात्र उठली, तिने स्वतः तीनदा ब्रेक दाबून पाहिला. “वीस पाठवा. आमच्या उतारावर वापरून बघतो.”

“चारचौघांत मला गप्प बसवलंत,” जिन्यात दीर कुरकुरला.

“बसवलं. पुन्हा मधे बोललात तर पुन्हा बसवेन.”

पुढे उद्योजकांच्या परिषदेचं बोलावणं आलं. आयोजकांनी दबकतच सुचवलं, भाषण लिहून पाठवा, आमचं कुणीतरी वाचून दाखवेल. दहा मिनिटं पुरतील ना?

“पंधरा द्या,” बाई फोनवर म्हणाल्या. “मला वेळ लागतो, आणि तो मी घेणार.”