विमानतळावर अडकलेला टोप

मी एक बिडाचा टोप. लुइझियानात, भातशेतीच्या मुलखात माझं घर आहे. माझं वजन इतकं, की मला उचलताना माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि ठेवताना शिवी देतो.

ओडीलच्या आजीनं मला घेतलं, आईनं वापरलं, पण मला खरी चमक आणली ती ओडीलनं. आठवडाभर ती गावच्या छोट्या विमानतळावर प्रवाशांचं सामान तपासायची. रविवारी मात्र ती माझी. माझ्यात ती गम्बो करायची, म्हणजे कोळंबी आणि भेंडीचा दाट रस्सा. त्यासाठी आधी पीठ तेलात भाजावं लागतं. लोक ते तांबूस झालं की थांबतात. ती पार कॉफीच्या रंगापर्यंत न्यायची. धाकटा भाऊ आल्सीड मध्येच पाव बुडवायला यायचा आणि हातावर डावाचा फटका खायचा. चांगला पंचवीस वर्षांचा घोडा, पण सवय गेली नाही.

फेब्रुवारीत ओडील गेली.

आल्सीडनं मला गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पालथं टाकलं. झाकण त्याच्या हातून निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत वाजत राहिलं. ते थांबेपर्यंत तो बघत उभा होता. मग दिवा मालवून गेला. मला गंज चढला.

ऑक्टोबरात सरकार बंद पडलं. वॉशिंग्टनमध्ये खर्चाच्या कागदावर एकमत होईना, म्हणून सरकारी तिजोरीला कुलूप. सामान तपासणाऱ्यांना मात्र बंद पडता येत नाही. त्यांनी कामावर यायचं, पगार नंतर. कायदे करणाऱ्यांचा पगार तेवढा वेळेवर.

एका शुक्रवारी आल्सीड फोनवर बोलतच गॅरेजमध्ये आला. पलीकडे मिस वर्लीन होती, विमानतळावर एकोणीस वर्षं ओडीलच्या जोडीनं सामान तपासणारी.

"उद्या शेवटची पाळी, बाळा. भातगिरणीत काम बघितलंय."

"ओडीलला काय वाटेल?"

"तिला वाटेल, वर्लीनला भाडं भरायचंय."

फोन ठेवून त्यानं मला ओढून काढलं आणि मीठ-तेल लावून गंज निघेपर्यंत घासलं. पहिल्या खेपेला पीठ करपलं. दुसऱ्या खेपेलाही करपलं. तिसऱ्यांदा तो हात न थांबवता ढवळत राहिला, अगदी ओडीलसारखा. मला भरून आलं. कोळंबीनं तर आलंच.

शनिवारी दुपारी त्यानं तिकीट नसताना, रांग मोडून मला थेट तपासणीच्या पट्ट्यावर आदळलं.

"आल्सीड, हे काय?"

"गम्बो आहे, मिस वर्लीन. ओडीलच्या टोपातला. सगळ्यांना."

वर्लीननं झाकण उचलून वास घेतला. क्षणभर तिचे डोळे मिटले. मग तिनं झाकण ट्रेमध्ये ठेवलं. ते यंत्रातून पलीकडे गेलं. मला मात्र तिनं मागे सारलं.

"रस्सा म्हणजे द्रव. एवढा द्रव आत जात नाही."

"अहो, तुम्हाला पगार मिळत नाहीये."

"म्हणून काय रस्सा घट्ट होतो?"

अख्खी रांग हसली. आल्सीडही हसला. फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदाच ते ऐकलं.

मग मला बाहेरच्या बाकावर मांडलं. दोघं-दोघं कर्मचारी आळीपाळीनं येऊन भातावर रस्सा घेऊन जेवू लागले. वर्लीननं तीन वाट्या संपवल्या आणि म्हणाली, "ओडीलचा याहून काळा असायचा."

तपासणीची एकच रांग चालू होती. तिच्यात आमचे खासदार बॅग घेऊन तिष्ठत होते. वास लागून तेही बाकापाशी आले.

"मी तुमच्याच बाजूनं आहे," ते म्हणाले. "माझाही पगार रोखून ठेवा, अशी चिठ्ठी दिलीय मी."

"रोखून ठेवा की देऊच नका?" वर्लीननं विचारलं.

"म्हणजे… नंतर मिळेल. तुम्हालाही मिळेलच की नंतर."

"साहेब, माझी घरमालकीण तुमचीच मतदार आहे. तिला हे 'नंतर' काही केल्या कळत नाही. तुम्हीच सांगा."

तिनं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पुढची पाच मिनिटं साहेब नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत होते. घामाघूम होऊन त्यांनी फोन परत केला.

"काय म्हणाली?"

"नोव्हेंबरपर्यंत थांबते म्हणाली. पण म्हणे, 'तुमच्याकडे बघून नाही, वर्लीनकडे बघून.'"

आल्सीडनं त्यांनाही वाटी दिली. उपाशी माणूस असो की खासदार, आमच्याकडे वाटी एकाच मापाची.

संध्याकाळी मी रिकामा झालो. आल्सीडनं झाकण मागितलं.

"ते आत गेलंय ना," वर्लीन म्हणाली. "आता माझी पाळी संपली. सोमवारी येईन तेव्हा बघू."

"सोमवारी? आज शेवटची पाळी होती ना?"

"झाकण काय गिरणीतून देऊ?"

आज रविवार आहे. सरकार अजून बंदच आहे. मी चुलीवर आहे, सुलटा, बिनझाकणाचा, आणि आल्सीड तेलात पीठ सोडतोय. तुमच्याही घरी कुणी तरी गेल्यापासून पालथं पडलेलं एखादं भांडं असेल. ते सुलटं करा. पहिल्या खेपेला करपलं तरी चालतं.