डॉक्टरची भूमिका केलेल्याचं औषध

नाटक कंपनीतल्या नायकाला औषधातलं सगळं कळायचं. का नाही कळणार? एका गाजलेल्या नाटकात त्याने डॉक्टरची भूमिका केली होती. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून वर्षभर मिरवलं की कोणाचीही नाडी धरायचा हक्कच मिळतो म्हणे.

त्यामुळे प्रॉम्प्टरला फ्लू झाला तेव्हा उपचार ठरायला वेळ लागला नाही. विंगेतल्या स्टुलावर बसून नायकाला विसरलेली वाक्यं पुरवायची, हे प्रॉम्प्टरचं काम. नायकाच्या पाठांतराचा सगळा आनंदच होता, म्हणून तर प्रॉम्प्टरचं घर चालत होतं. पण विंगेतली शिंक पहिल्या रांगेपर्यंत जायची. नायकाने सर्दीची गोळी दिली, वर चोंदलेलं नाक उघडणारी दुसरी दिली. प्रॉम्प्टरला बायकोने सकाळीच बजावलं होतं, की असल्या गोळ्यांनी फ्लू जात नाही, नुसती झोप येते आणि तोंडाला कोरड पडते. गपचूप घरी पडून राहा. पण रजा घेतली आणि आपल्यावाचून चालतं हे निर्मात्याला कळलं तर? प्रॉम्प्टरने दोन्ही गोळ्या गिळल्या.

गुण आला हो, नाही कशाला म्हणायचं. नाक पार वाळलं. डोळे मिटायला लागले आणि छाती मात्र धडधडत राहिली; एका गोळीला झोपायचं होतं, दुसरीला पळायचं. दुसऱ्या अंकात नायक ऐन भांडणात अडकला आणि विंगेकडे बघू लागला. प्रॉम्प्टरने तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटलेली. वाक्य डोळ्यांसमोर, आवाज गायब.

नायक नुसताच उभा राहिला. प्रेक्षकांना वाटलं, काय हा अभिनय! टाळ्या पडल्या.

प्रयोगानंतर प्रॉम्प्टर माफी मागायला गेला, तर नायक निर्मात्याला सांगत होता की ती शांतता आपण ठरवून घेतली.

निर्माता प्रॉम्प्टरकडे वळला. "उद्यापासून येऊ नका. साहेबांना आता गरज नाही."

प्रॉम्प्टरला रडू आलं, पण गोळ्यांनी डोळेही कोरडेच ठेवले होते.

तो घरी पडून राहिला आणि बरा झाला. फ्लू आता नायकाकडे मुक्कामाला गेला. नायकाने अर्थातच स्वतःचंच औषध घेतलं. त्या संध्याकाळी प्रॉम्प्टर बायकोला घेऊन, तिकीट काढून पहिल्या रांगेत बसला होता.

दुसऱ्या अंकात नायक तिथेच अडकला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या, शांतता काही थांबेना. नायकाने रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, कोरडे ओठ चाटले, आणि समोर पाहिलं तर नेमका प्रॉम्प्टर.

प्रॉम्प्टरला वाक्य तोंडपाठ होतं, घसाही ठणठणीत होता. बायकोने कोपराने ढोसलं. "अहो, सांगा ना त्यांना."

"थांब गं," तो म्हणाला. "साहेब अभिनय करताहेत."