काळी खिडकी

आमच्या साहेबांना काळ्या खिडकीची भारी ॲलर्जी. आमचा प्रोग्रॅम हॉस्पिटलात रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायची लेबलं छापतो. सुरुवातीला तो पोटातलं सगळं पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीत ओळीनं ओकायचा: हे केलं, इथं अडलो. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरतं. काढ ते." मी काढलं. राहिली ती नुसती हिरवी खूण आणि 'लेबल छापलं'. आत काहीही जळो!

मग एका हॉस्पिटलात दोन पेशंटच्या नळ्यांवर एकच नाव निघालं. खापर फुटलं लॅबमधल्या ताईंवर. बावीस वर्षांची नोकरी, आणि सोमवारी अकराला लॅबच्या मुख्य डॉक्टरीणबाई त्यांना घरी बसवणार होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"प्रोग्रॅम चुकत नाही, एवढंच सांगायचं," सोमवारी हॉस्पिटलात जाताना साहेबांनी मला गाडीत बजावलं. "बाकी तोंड उघडायचं नाही."

डोंबल! काळी खिडकी मी शुक्रवारीच परत जोडली होती.

लॅबमध्ये डॉक्टरीणबाई आणि ताईंसमोर साहेब प्रोग्रॅमचं कौतुक सुरू करणार, तोच मी खुर्ची ओढली आणि प्रोग्रॅम चालू केला. शेजारी काळी खिडकी उघडली. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हे काय?"

"मी तोंड उघडत नाहीये. प्रोग्रॅमच बोलतोय."

मी एक लेबल छापलं. दुसऱ्या पेशंटचं निघायच्या आत प्रिंटरचं झाकण उघडून पुन्हा लावलं. पडद्यावर हिरवी खूण: लेबल छापलं. काळ्या खिडकीत मात्र ओळ आली: प्रिंटर थांबला, मागचंच लेबल पुन्हा पाठवलं. हातात आलेल्या लेबलावर पहिल्याच पेशंटचं नाव होतं.

"असं करायला त्याला कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. साहेबांना खोकला आला.

"मी," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी, घाईत. शुक्रवारी ही ओळ दिसली आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. काढायचं तर मला काढा. ताईंना का?"

मला वाटलं, ताई आभार मानतील. मूर्खच मी.

"महिनाभर एकेक नळी तीनतीनदा वाचतेय मी," ताई म्हणाल्या. "वाटलं, माझंच डोकं फिरलं. आणि तुम्ही हे झाकून ठेवलं होतंत?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

साहेबांचा हात माऊसकडे सरकला. ताईंनी तो सरळ बाजूला सारला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

"हात लावू नका. आता ही उघडीच राहणार."