फोटोतलं तोंड

पत्र्याचा तो तुकडा बोटभर लांबीचा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या – तेंदूच्या ओल्या पानावर ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची, की बिडीचं पान निघालं. एरवी शकुनबाईच्या अंगठ्याला त्याचं वजनही जाणवत नसे. आज जाणवत होतं... असाच एक नवा पत्रा तिनं दिवाळीला मंगलाच्या पिशवीत घातला होता. मंगला तिची लेक, मध्यप्रदेशात बालाघाटकडे दिलेली. "माय, तुमच्याकडचं काम आमच्याकडं येऊन रायलं म्हन्तेत," असं म्हणत पोरीनं तो पत्रा पिशवीतून काढून पदराच्या गाठीत बांधला होता, जणू सोन्याची पुतळीच. सासरी तिच्या हाताला काम नव्हतं, म्हणून तिच्या शब्दालाही किंमत नव्हती. हे शकुनबाईला न सांगता कळत होतं.

काम तिकडं जाणार, कारण इकडं सरकार बिडीच्या मजुरीचा दर वाढवणार होतं. तिकडचा दर कमी. बिडीवाल्या शेठजींच्या संघटनेनं सांगून टाकलं, दर वाढला की आम्ही सीमेपलीकडे. युनियनचा टिकाराम म्हणायचा, साऱ्या देशात एकच दर करा, मग पळतील कुठं? पण दिल्ली म्हणे, राज्यांनी बघावं. मुंबई म्हणे, वाढवू, पण आधी भोपाळनं वाढवावा. आणि भोपाळ गप्प. शकुनबाईला एका घरातल्या तीन जावा आठवायच्या – चूल कुणी पेटवायची यावर अडून बसलेल्या, आणि पोरं उपाशी.

मग हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरलं तेव्हा शेठजींनीच ट्रक दिले, पुरी-भाजी दिली, आणि आसगावच्या बायका मोर्चाला गेल्या. कामगारांचा मोर्चा, मालकांच्या ट्रकमधून... उलटी गंगाच ती. पण तेव्हा हसू आलं नाही, भीती होती. बिडी बंद झाली तर बाईमाणसानं घरात बसून करायचं दुसरं काम गावात कोणतं? शकुनबाई जीव तोडून ओरडली होती – काम वाचवा, काम वाचवा. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, बिडी कामगार महिलांनाच दरवाढ नको. तसं एकही बाई बोलली नव्हती. पण छापलेलं मुंबईपर्यंत पोचतं, बोललेलं नागपूरच्या रस्त्यावर राहतं.

दुपारी ती बिड्या घेऊन कारखान्यात गेली. कारखाना कसला, केशवरावांची ओसरी. कंपनीतर्फे ते तिथं पानं-तंबाखू देत आणि बिड्या तपासून घेत. एरवी जरा वाकडी दिसली की बिडी बाजूला फेकणारे केशवराव आज नुसता हात फिरवत होते. सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं, दरवाढ तूर्त स्थगित. बायका हसत होत्या. शकुनबाईलाही आधी हायसंच वाटलं, खोटं कशाला बोला?

केशवरावांनी भिंतीवर चिकटवलेल्या मोर्चाच्या कात्रणावर बोट ठेवलं. "पाहा शकुनबाई, सगळ्यात पुढं तुमीच. तुमच्या आवाजानं सरकार हाललं."

फोटोत तिचं तोंड उघडं होतं. काम वाचवा म्हणत होतं की दर नको, ते त्या काळ्या ठिपक्यांतून कळायला मार्ग नव्हता... आणि कुणाचं काम, हे तर तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"मंगलाले सांगजो," शेजारची कुंताबाई म्हणाली, "मायचा फोटो आला म्हनून."

"सांगीन."

घरी येऊन ती पुन्हा पानं-तंबाखूच्या सुपापुढं बसली. पोरीचा पत्रा अजून गाठीतच असेल, नवाच्या नवा... राग कुणावर करावा, शेठजींवर, पेपरवर, की त्या तिघी जावांवर? सगळे लांब होते, जवळ फक्त कात्री. काम वाचलं होतं, म्हणजे मंगलाकडं गेलं नव्हतं; वाचल्याचा आनंद अजूनही मनात होता, तोच आता खुपत होता. तिनं पान उचललं, पत्रा ठेवला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, की हे पान आपण कुणाच्या तरी सुपातून उचललं आहे.