एकादशीचा बर्फ

मित्रांनो, वालावलच्या एका घराच्या ओटीवर, खुंटीवरच्या टाळांखाली बसलेला मी एक जुना थर्मास आहे. माझं निळं पत्र्याचं अंग आता गंजलंय. आतली काच मात्र शाबूत आहे. काचेच्या दोन भिंती आणि मध्ये नुसती पोकळी, असं मला घडवलं. ऊन दिलं तर ऊन सांभाळायचं, गार दिलं तर गार. एवढाच माझा धर्म.

वेंगुर्ल्याला कीर्तन झालं तेव्हा यजमानांनी मला काशिनाथबुवांच्या हाती दिलं. तेव्हापासून बुवांचं सुंठीचं पाणी माझ्यापाशी. पूर्वरंग संपून बुक्का लागला की बुवा दोन घोट घेत आणि गळा पुन्हा मोकळा होई. "बुवांचो गळो ह्या थर्मासात आसा," लोक म्हणत. मी फुगायचो.

१९८८ साली बुवांची लेक नीरजा मुंबईहून आली. ती संशोधन करायची. तिच्या डब्यातला बर्फ कुडाळला उतरेस्तोवर वितळला होता. तिला घ्यायला बुवा मला घेऊन आले होते. बाजारात मासळी विकणाऱ्या हौसाबाईनं आपल्या पेटीतला बर्फ दिला. तो माझ्यात भरून नीरजानं एक इवली कुपी दोऱ्याला बांधून आत सोडली.

"बाबा, ह्येच्यात अँटिबॉडी आसा. परदेशातसून इलेले चार थेंब. तापली तर माझां अख्खां वरीस फुकट."

दुसऱ्या दिवशी एकादशी. नीरजा पहाटेच शिनाणे, म्हणजे खडकावरचे शिंपले, आणायला मालवणला गेली. त्यांच्यावरच गोव्याच्या प्रयोगशाळेत प्रयोग व्हायचा होता. बुवा नदीवर आंघोळीला गेलेले. बुवांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, नेहमीसारखं मला उचललं आणि बूच काढलं.

"अगो बाय माझे! मासळीचो वास! आणि ह्यो आज देवळात जातलो?"

बर्फ गेला माडाच्या बुंध्यात. तुळशीचं पान घातलेल्या पाण्यानं मला विसळलं. कुपी औषधाची समजून तिनं मोठ्या भक्तीनं देवघरात ठेवली, निरांजनाच्या शेजारी!

बुवा परतले. "अक्के, बर्फ खंय?"

"माडाक घातलंय."

बुवांनी धावत देवघर गाठलं. मग कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी माठावर ठेवली, मला पिशवीत घातलं आणि सायकल दामटली ती थेट कुडाळच्या मासळीबाजारात. धुतलेलं धोतर, कपाळी गंध.

"बुवानू, तुमी? एकादशीक?" हौसाबाईच्या हातातली कोयती थांबली.

"बर्फ दी गो."

"बांगड्यांच्या अंगाचो आसा हो!"

"असांदे. माझ्या चेडवाचो, नीरजाचो जीव त्येच्यात अडाकलो."

हौसाबाईनं पेटीच्या तळचा बर्फ काढला, तीनदा धुतला आणि मला काठोकाठ भरलं.

सांजवेळी लक्ष्मीनारायणापुढे मी बुवांच्या पायाशी बसलो, बूच घट्ट, पोटात कुपी. बुवांचा गळा चिरकला. मृदंगावरचा महादू कुजबुजला, "बुवा, घोटभर घेवा."

"आज थर्मासाचोय उपास."

बायकांत बसलेल्या अक्कानं पदर डोळ्यांना लावला.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतली काळोखी खोली. मला मांडीवर घेऊन बुवा बसले होते. कुपी दोन तास बर्फावाचून होती. आत काय उरलं असेल, कोण सांगणार? शिनाण्यांच्या कल्ल्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. त्यांच्या दोन काचा नीरजानं तयार केल्या होत्या. पहिलीवर अँटिबॉडी घातलीच नव्हती. ती काळीच राहिली, राहायलाच हवी होती; अँटिबॉडीशिवाय काही चमकता कामा नये. मग नीरजानं दुसरी ठेवली.

"बाबा... आसा! बघा."

बुवांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळोखात हिरव्या ज्योतींच्या रांगा उजळल्या होत्या.

"ह्या केसांतल्या प्रथिनांवर कधीकधी ॲसिटिल नावाचो बारीक ठिपको लागता," नीरजा म्हणाली, "तुमच्या गंधासारखो. ही अँटिबॉडी तो ठिपको लागलेलांच प्रथिन ओळखून धरता. मगे चमकत्या रंगाची दुसरी अँटिबॉडी हिका येवन चिकटता."

"येवढ्या जत्रेत गंध लावलेलो तेवढो ओळखता?" बुवांनी हात जोडले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आणि आमका बर्फातसुद्धा बांगडोच दिसता."

आता बुवा नाहीत. मी रिकामाच असतो. तरी मला पुसण्याआधी म्हातारी अक्का बूच काढते, आत डोकावते आणि विचारते, "तुझ्यात आज काय आसा रे?"

मित्रांनो, कुणालाही ओतून टाकण्याआधी तुम्हीही एकदा एवढं विचाराल ना?