डेल्फिनला विकलं त्या दिवशी

डेल्फिन आर्सिलाला विकल्याची बातमी भर दुपारी माझ्या खानावळीत फुटली, आणि त्यानंतर एकाही रिक्षावाल्याच्या घशाखाली घास उतरला नाही. विकलं म्हणजे अदलाबदल केली. बुसिलाक साबणवाल्यांनी आपल्या बास्केटबॉल संघातला डेल्फिन टोरो सिमेंटच्या संघाला दिला आणि बदल्यात त्यांचे दोन राखीव खेळाडू घेतले. वर पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या पोरांमधून पहिला उचलायचा हक्क मिळवला.

माझा नवरा आर्सिंग जन्मापासून बुसिलाकचा. संघ बुसिलाक, म्हणून घरात साबणही बुसिलाकच, अंगाला खाज सुटली तरी. माझा थोरला भाऊ कुया फर्मिन गवंडी आहे आणि टोरो सिमेंटचा. दुसऱ्या सिमेंटची गोणी तो हातात धरत नाही, काम सुटलं तरी चालेल. अशा दोन शहाण्यांच्या मधोमध मी सोळा वर्षं भात शिजवते आहे.

त्या दिवशी माझी मुलगी तीस दिवसांची झाली होती. तिच्या जन्माचा फॉर्म सुईणीने भरून दिला होता, फक्त नावाची चौकट रिकामी होती. आर्सिंग म्हणाला होता, "अंतिम सामना जिंकलो की मी माझ्या हाताने लिहिणार, डेल्फिना." अंतिम सामना हरले. मग हा रुसून बसला आणि फॉर्म भिंतीवरच्या खिळ्याला लटकत राहिला. तीस दिवसांत नोंद करायची असते आणि पाच वाजता नगरभवनाची खिडकी बंद होते. त्यानंतर साक्षीदार आणा, शपथपत्रं आणा, महिनोन्‌महिने खेटे घाला. मी दोनदा म्हटलं होतं की माझ्याही मनात एक नाव आहे. पहिल्यांदा त्याने ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळी! माझे टाके अजून ओले होते.

तर बातमी आली आणि आर्सिंग ताटावरून उठला.

"गाढवं आहेत, गाढवं! मालकाला चेंडू गोल असतो एवढं तरी कळतं का? नऊ वर्षं त्याने तुमच्यासाठी हाडं मोडून घेतली, आणि दोन घामपुशांच्या बदल्यात दिलात होय रे?"

त्याने अंगातली डेल्फिनच्या सात नंबरची जर्सी काढली आणि थेट माझ्या चुलीत कोंबली. तसल्या कापडाचा काळा धूर वर पातेल्यात गेला. वीस माणसांचं चिंचेचं सार होतं ते. झोळीत मुलगी खोकायला लागली.

"अरे मेल्या, स्वयंपाक आहे तो!" मी चिमट्याने जर्सी ओढून बाहेर फेकली. त्याचं लक्षच नव्हतं. उघड्या अंगाने बसून तो खरोखर रडत होता.

तेवढ्यात कुया फर्मिन आला. कामावरून तसाच, भुवयांवर सिमेंट, आणि तोंड या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेलं.

"पारे, मित्रा!" तो आर्सिंगला म्हणाला. "रडू नकोस रे. तुमचा डेल्फिन आता चांगल्या घरी पडला."

आर्सिंगने डोळे पुसले. आणि माझ्या देखत हा माणूस एका क्षणात फिरला.

"घ्या, घ्या, लखलाभ असो! त्याचा डावा गुडघा ऐकलायस का? जिना चढताना जुन्या दारासारखा करकरतो. म्हातारा झालाय तो. आम्ही फुटकं मडकं तुमच्या गळ्यात मारलं."

"फुटकं? मार्चमध्ये त्याच गुडघ्यावर उडी मारून त्याने तुम्हाला सामना काढून दिला, तेव्हा रस्त्यात लोळत कोण नाचत होतं?"

"ते मार्चमध्ये. आमचा विल्मार चोवीस वर्षांचा आहे, म्हटलं!"

"तुमचा विल्मार!" कुयाला हसू आवरेना. "अरे, दोन वर्षं आमचा बाक झिजवला त्याने. आणि तो जोएल? त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही. आम्ही केर काढून दाराबाहेर ठेवला, तुम्ही उचलून देवघरात नेलात."

"आणि पहिली निवड? तुमचा म्हातारा काठी टेकत फिरेल, तेव्हा आमच्याकडे वीस वर्षांचा घोडा असेल, घोडा!"

"मालक तुमचा गाढव, तो घोडा काय ओळखणार?"

रिक्षावाले बाक वाजवायला लागले. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. साडेतीन वाजले होते. मी फॉर्म खिळ्यावरून काढून टेबलावर आपटला. "भांडणं नंतर. आधी हा भरायचा आहे."

कुयाने वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली. "बघ, तुझी डेल्फिनासुद्धा आमचीच झाली. रविवारी बाप्तिस्म्याला मी तिला पिवळं झबलं आणतो. टोरोचं."

"कसली डेल्फिना?" आर्सिंग गरजला. "विल्मार आणि जोएल आलेत ना? विलजोएला. लिहून टाक."

कुयाचं हसणं जागीच थांबलं. "महिनाभर गल्लीभर डेल्फिना सांगत फिरलास. मी धर्मपिता व्हायला हो म्हटलं ते डेल्फिनाचा. नाव बदललंस तर रविवारी चर्चमध्ये माझी वाट बघू नकोस."

"नकोच येऊस. सिमेंटवाल्याचा हात माझ्या पोरीच्या डोक्यावर नको."

बाक वाजायचे थांबले. आमच्यात धर्मपित्याला दिलेलं आमंत्रण कुणी परत घेत नाही आणि घेतलेलं कुणी टाकत नाही. असं केलं की दोन घरं पुढे एकमेकांच्या मयताला जात नाहीत. आणि हा माझा भाऊ होता. वडील गेल्यावर बारा वर्षांच्या वयात विटा वाहून त्याने मला वाढवलं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. दोघांचाही, सारखाच.

म्हातारे मानोंग इस्को मध्ये पडले. रिक्षा थांब्यावर त्यांचा शब्द चालतो. "पोरांनो, तोडू नका. देवाणघेवाण करा. आधी डेल्फिना, मग विलजोएला. दोन्ही राहू देत."

आणि खरंच दोघं बसले! खुर्च्या ओढून, कोपर टेबलावर टेकून.

"विलजोएला आधी," आर्सिंग म्हणाला.

"मग झबलं पिवळं."

"झबलं पांढरं, फार तर टोपी पिवळी."

"टोपी आणि मोजे."

माझ्या पोरीचा सौदा चालला होता आणि मी तिथेच हातात पळी घेऊन उभी होते. "मला कुणी विचारलंत का?" मी म्हटलं.

आर्सिंगने मान वळवली नाही. "पर्ला, तू जरा भात वाढ."

तळपायाची आग मस्तकात जाणं मी तोवर ऐकलं होतं, त्या दिवशी ती कुठून कुठे जाते ते कळलं. मी भात वाढला. अख्खं पातेलं दोघांच्या मध्ये टेबलावर पालथं केलं. ते ओरडत उठेपर्यंत मी फॉर्म उचलला, झोळीतून मुलगी घेतली आणि बाहेर आले.

"मानोंग, रिक्षा काढा."

"अगं, पण..."

"काढता, की मी चालवू?"

त्यांनी काढली.

नगरभवनात खिडकीवर पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. आतल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "नाव रिकामं आहे. वडील कुठे आहेत?"

"कामात आहेत. आईने लिहिलं तर चालतं ना?"

"आईने सही केली की झालं. पण खाडाखोड चालणार नाही हं, नीट लिहा."

मला खाडाखोड करायची नव्हतीच. ती जन्मली त्या पहाटे उकाडा मोडून थंड वारा सुटला होता, खिडकीतून सरळ माझ्या घामेजल्या तोंडावर आला होता. त्या वाऱ्याला आम्ही अमिहान म्हणतो. महिनाभर तिला पाजताना मी तिच्या कानाशी तेच म्हणत होते. मोठ्या अक्षरांत लिहिलं, सही केली. बाईंनी शिक्का मारला.

मागे पायऱ्यांवर धापा टाकल्याचा आवाज आला. दोघं एकाच रिक्षातून आले होते. आर्सिंगच्या केसांत भात, कुयाच्या सिमेंटवर भात. आर्सिंगने माझ्या खांद्यावरून कागद वाचला.

"अमिहान? हा कोण खेळाडू?"

"कुणीच नाही."

"आम्हाला न विचारता?" कुया ओरडला.

"बापाला न विचारता?" आर्सिंग ओरडला. "मामाला न विचारता?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाजूला उभे होते, माझ्या विरुद्ध. खिडकीतल्या बाई, रांगेतले लोक, सगळे बघत होते. पोर घाबरून रडायला लागली. मी तिला छातीशी धरलं आणि त्या दोघांच्या तोंडावर सांगितलं, "विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, भात वाढ. आता रविवारी यायचं तर दोघांनी या, नाहीतर दोघांनी घरी बसा. हिची अदलाबदल करायची असेल तर माझ्याशी बोला. पण आधीच सांगते, मी देणार नाही."